गाडीतला बंब

मिशिगनमध्ये मे अखेरीला दिवसा ऊन असलं तरी पहाटे बोटं गारठतात. मेमोरियल डेच्या सुट्टीत आम्ही हिवाळाभर झाकून ठेवलेली आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बाहेर काढली, लेक मिशिगनच्या काठावरच्या एका कॅम्पग्राउंडवर नेऊन लावली, विजेच्या खांबाला केबल जोडली आणि पाणी तापवायचं बटण दाबलं. तास झाला तरी नळाला गारच पाणी. ब्रेकर पडलेला नव्हता, दिवे लागत होते, मायक्रोवेव्ह चालत होता. मी पलंगाखालची फळी काढून हीटरच्या वायरी चाचपत बसलो होतो. साताऱ्याहून आलेली आई मागे उभी राहून बघत होती. तिनं एवढंच विचारलं, “अरे, त्यात पाणी आहे का?”

पाणी नव्हतं. ऑक्टोबरात गाडी बंद करताना मी हीटरची टाकी रिकामी केली होती. थंडीत पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून तसं करावंच लागतं. मग नळांच्या पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं असतं; ते टाकीत जाऊ नये म्हणून टाकीला वळसा घालणारा एक व्हॉल्व फिरवून ठेवतात. वसंतात तो परत फिरवायचा राहिला. त्यामुळे पाणी टाकीला बगल देऊन थेट नळाला येत होतं, गरम पाण्याचा नळसुद्धा धो धो वाहत होता, आणि आत कोरड्या टाकीत विजेचं एलिमेंट जळून गेलं होतं.

आईला तो प्रश्न सुचला याचं कारण आमचा जुना बंब. तांब्याचा बंब ज्यांच्या घरी होता त्यांना त्याची रचना आठवत असेल: बाहेरून पिंप, मधून उभी नळी, नळीत खाली जाळ आणि भोवती पाणी. त्याचा पहिला नियम म्हणजे पाणी भरल्याशिवाय जाळ घालायचा नाही. नाहीतर डाक सुटतो, बंब गळायला लागतो. आरव्हीतला गॅसवर चालणारा हीटर म्हणजे आडवा केलेला बंबच. टाकीतून इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळलेली नळी जाते, तिच्या एका तोंडाशी ज्योत असते, दुसऱ्या तोंडातून धूर गाडीबाहेर जातो. अनेक हीटरांत याच्या जोडीला विजेचं एलिमेंटही असतं. आपण गीझरची ‘कॉइल’ म्हणतो तेच हे. टाकी लहान, बहुधा ६ गॅलनची, म्हणजे जेमतेम २३ लिटरची. मोठ्या गाड्यांत १० गॅलनची.

या हीटरच्या बिघाडात बहुतेक माणसं एकाच ठिकाणी घोटाळतात. ‘लाइट आहे ना?’ एवढंच ती बघतात. पण आरव्हीत वीज एक नसते. छतातले दिवे, पाण्याचा पंप, पंखे हे बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतात, ती डीसी. मायक्रोवेव्ह, एअर कंडिशनर आणि हीटरचं एलिमेंट अमेरिकेतल्या घरगुती १२० व्होल्टवर चालतात. ती एसी, कॅम्पग्राउंडच्या खांबावरून किंवा जनरेटरवरून येणारी. खांबाला जोडलेलं असताना गाडीतला कन्व्हर्टर १२० व्होल्टचे १२ करून बॅटरी भरत राहतो, म्हणून दोन्ही एकच असल्याचा भास होतो. हीटरला मात्र दोन्ही लागतात. गॅसची ज्योत पेटवणारा सर्किट बोर्ड १२ व्होल्टवर चालतो, एलिमेंट १२० वर तापतं. काही मॉडेलांत एलिमेंटला वीज देणारा रिलेसुद्धा १२ व्होल्टचा असतो. तिथं बॅटरीचा एक छोटा फ्यूज उडाला तरी १२० व्होल्टचं एलिमेंट गप्प बसतं, आणि माणूस मोठ्या ब्रेकरपाशी खटपट करत राहतो.

म्हणून पहिली परीक्षा हत्याराशिवाय होते. टाकीत पाणी आहे याची खात्री करून आधी फक्त गॅसवर चालवून बघा, मग फक्त विजेवर. गॅसवर तापतं आणि विजेवर नाही, तर दोष १२० व्होल्टच्या वाटेत, एलिमेंटमध्ये किंवा त्याच्या रिलेत. विजेवर तापतं आणि गॅसवर नाही, तर दोष १२ व्होल्टच्या वाटेत, बोर्डात किंवा गॅसमध्ये. कशावरच तापत नसेल, तर दोन गोष्टी एकदम बिघडण्यापेक्षा दोघांना सामाईक असलेलं काहीतरी बिघडलं असण्याचा संभव जास्त. आणि टाकी तापलेली असूनही नळाला कोमट पाणी येत असेल, तर विजेच्या नादी न लागता तो वळशाचा व्हॉल्व तपासावा. तो अर्धवट फिरलेला असला की गार पाणी गरमात मिसळत राहतं.

आता एलिमेंटकडे येतो, कारण विजेचे सगळ्यात जास्त बळी तिथं पडतात. धातूच्या नळीत निक्रोमची गुंडाळलेली बारीक तार असते आणि मधल्या जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता पुढे देते पण वीज अडवते, आणि याच गुणावर सगळा हीटर उभा आहे. आरव्हीतलं नेहमीचं एलिमेंट १४४० वॅटचं. १२० व्होल्टला ते १२ अँपिअर घेतं, म्हणजे त्याचा रोध १० ओहम. आकडे इतके सोपे आहेत की पाठ होऊन जातात, आणि पाठ असावेत.

पाण्यात बुडालेलं असताना ही १४४० वॅटची उष्णता पाणी सतत ओढून नेतं, त्यामुळे नळीचा पृष्ठभाग पाण्यापेक्षा थोडाच जास्त तापतो. हवेला ते काम जमत नाही. कोरड्या टाकीत एलिमेंट काही सेकंदांत लालबुंद होतं आणि मग आतली तार वितळते किंवा बाहेरची नळी फुटते. थर्मोस्टॅट का वाचवत नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. थर्मोस्टॅट टाकीच्या पत्र्याला बाहेरून चिकटवलेला असतो. टाकीत पाणी असेल तर उष्णता पत्र्यापर्यंत पोचते. आत नुसती हवा असेल तर एलिमेंट मरतं तरी पत्रा गारच. रक्षकाला पाण्यामार्फतच निरोप मिळतो.

तपासणी करताना ब्रेकर बंद करायचा आणि खांबावरची केबलही काढायची. दोन्ही. ब्रेकरवर चिकटवलेली चिठ्ठी चुकीची असू शकते, आधीच्या मालकानं वायरिंग बदललेलं असू शकतं, पण काढून ठेवलेली केबल खोटं बोलत नाही. गाडीत इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर तोही बंद. मग एलिमेंटच्या दोन स्क्रूंवरच्या वायरी सोडवायच्या. काही हीटरांत ते बाहेरच्या जाळीच्या दारामागे सापडतात, काहींत पाठीमागे, गाडीच्या आतून. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन स्क्रूंना टेकवला की १० च्या आसपास आकडा यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटली. आमच्या मीटरनं तेच दाखवलं.

इथं थांबू नये. एक टोक स्क्रूवरच ठेवून दुसरं टाकीच्या किंवा एलिमेंटच्या धातूला लावायचं. इथं मात्र मीटरनं अनंतच दाखवायला हवं. एखादा आकडा दिसला, तर नळीला चीर पडून पाणी भुकटीत शिरलंय आणि वीज टाकीच्या अंगात उतरते आहे. अशा एलिमेंटचा पहिला आकडा कधीकधी अगदी बरोबर १० येतो आणि पाणीही तापत असतं. ‘चालतंय ना’ म्हणून ते ठेवणं हा या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

आरव्ही रबरी टायरांवर उभी असते. जमिनीशी तिचा विजेचा संबंध फक्त केबलमधल्या अर्थिंगच्या तारेतून येतो. ती तार शाबूत असेल तर एलिमेंटमधून गळणारी वीज त्या वाटेनं निघून जाते. गळती मोठी असेल तर ब्रेकर पडतो. पण खांबाचं अर्थिंग सुटलेलं असेल, किंवा कुणी तीन पायांच्या प्लगचा एक पाय कापून एक्स्टेन्शन वापरलं असेल, तर वीज गाडीच्या पत्र्यात वाट बघत राहते. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून कुणी दाराची मूठ धरली की तिला वाट मिळते. अमेरिकेत आरव्ही वापरणारे याला ‘हॉट स्किन’ म्हणतात. न्हाणीघराजवळच्या सॉकेटांना तिथं सुमारे ५ मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारं संरक्षण असतं, पण हीटर बहुतेक गाड्यांत साध्या ब्रेकरवर थेट जोडलेला असतो. त्याला मिलिअँपिअर कळत नाहीत. म्हणून दारापाशी किंवा शिडीला हात लावताना मुंग्या आल्यासारखं वाटलं, कितीही हलकं वाटलं, तरी ते ‘स्टॅटिक’ म्हणून सोडून देऊ नये. सगळ्यांना गाडीपासून दूर करावं, खांबावरचा ब्रेकर पाडावा आणि मग केबल काढावी. मुलं या बाबतीत सर्वांत आधी सापडतात, कारण ती अनवाणी धावत येऊन दार धरतात.

केबल जोडण्याआधी खांब तपासायची सवय यासाठीच. तीन दिव्यांचा छोटा टेस्टर २० अँपिअरच्या सॉकेटात खुपसला की त्या सॉकेटाचा फेज, न्यूट्रल आणि अर्थ जागच्या जागी आहेत की नाहीत ते कळतं. आपल्या केबलच्या ३० किंवा ५० अँपिअरच्या सॉकेटासाठी मात्र खांबावर बसणारं, व्होल्टेज आणि अर्थिंग दोन्ही बघणारं संरक्षक यंत्र घेतलेलं बरं. फेज आणि न्यूट्रल उलटे असले तर ज्या हीटरांत थर्मोस्टॅट फक्त एकच तार तोडतो त्यांत बटण बंद केल्यावरही एलिमेंटमध्ये वीज उभी राहते. आणखी एक चूक घरच्या आवारात सॉकेट बसवून घेताना होते. आरव्हीचं ३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, पण दिसायला ते कपडे वाळवायच्या यंत्राच्या जुन्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखं असतं. आरव्हीची ओळख नसलेला इलेक्ट्रिशियन सवयीनं तिथं २४० व्होल्ट देऊन जातो. १० ओहमच्या एलिमेंटला २४० व्होल्ट मिळाले तर ते २४ अँपिअर मागतं, ५७६० वॅट होतात. आणि गाडीतली बाकीची उपकरणं तर त्याच्याही आधी जातात. नवीन सॉकेटवर मीटर लावून १२० वाचल्याशिवाय केबल लावूच नये.

ब्रेकर वारंवार पडत असेल तर आधी साधी बेरीज करावी. ३० अँपिअरच्या जोडणीत एकूण ३६०० वॅट मिळतात. छतावरचा एसी चालताना साधारण १२-१३ अँपिअर घेतो, हीटर १२. झाले पंचवीस. त्यात मायक्रोवेव्ह लावला की मुख्य ब्रेकर पडणारच. तो बिघाड नव्हे. हीटरचा स्वतःचा ब्रेकर एकटाच पडत असेल तर गोष्ट वेगळी. बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट, एलिमेंटमध्ये किंवा वायरीत. वीस-पंचवीस मिनिटांनी पडला तर बहुधा ढिला जोड किंवा म्हातारा झालेला ब्रेकर. सतत चालणारा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांच्या आत असावा असा अमेरिकेतला नियम आहे, आणि १५ अँपिअरच्या ब्रेकरवर हीटरचे १२ अँपिअर बरोबर त्या रेषेवर बसतात. त्यामुळे ब्रेकर जरासा कमजोर झाला की पहिली तक्रार हीटरच करतो.

ढिला जोड हा आरव्हीचा खास आजार. घरातला गीझर भिंतीवर वर्षानुवर्षं स्वस्थ असतो; हा हीटर मैलोन्‌मैल खड्ड्यांतून हादरत जातो. त्याच्या मागच्या जंक्शन बॉक्समध्ये वायरींची टोकं प्लॅस्टिकच्या टोप्यांत पिळून जोडलेली असतात. हादऱ्यांनी पीळ सैल होतो, जोडात अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला तरी तिथं ६५ वॅटच्या आसपास उष्णता निघते. पूर्वीच्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहिला असेल त्याला ही उष्णता काय असते ते ठाऊक आहे, आणि इथं ती प्लॅस्टिकच्या टोपीत कोंडलेली असते. आधी इन्सुलेशन तपकिरी होतं, मग काळं, मग जळकट वास. वासावरून जोड सापडला तर नुसता आवळून चालत नाही. जळकी तार मागे चकचकीत तांब्यापर्यंत कापून नवा जोड करायला हवा.

कमी व्होल्टेजचा गोंधळ वेगळा असतो. उन्हाळ्यात भरलेल्या कॅम्पग्राउंडवर सगळ्यांचे एसी चालू असताना खांबावर १२० ऐवजी १०० व्होल्ट येऊ शकतात. व्होल्टेज सहाव्या भागानं उतरलं तर उष्णताही तेवढीच उतरेल असं वाटतं, पण ती व्होल्टेजच्या वर्गानं उतरते: १४४० ची होते १०००. २३ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ वर न्यायला पूर्ण व्होल्टेजला सुमारे पाऊण तास लागतो, तिथं तास उलटून जातो. हीटरचं त्यात नुकसान नाही, एसीच्या कॉम्प्रेसरचं मात्र आहे. हीटर उशीर करतोय एवढ्यावरूनही खांबाची तब्येत कळते.

बारा व्होल्टच्या बाजूला गणित लहान आणि चिकाटी मोठी लागते. बटण दाबलं की वीज थर्मोस्टॅट आणि जादा तापमानाच्या कटआउटमधून बोर्डाला मिळते. बोर्ड गॅसचा व्हॉल्व उघडतो आणि ठिणगी पाडतो. पुढची गोष्ट मला या यंत्रातली सर्वांत सुंदर वाटते. ज्योत पेटली की नाही हे बोर्डाला ज्योतच सांगते. आगीतल्या वायूंत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे ज्योत अगदी थोडी वीज वाहून नेते, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावी इतकी. इलेक्ट्रोडकडून ज्योतीतून बर्नरला आणि तिथून बोर्डाला हा इवलासा प्रवाह परत पोचला तरच बोर्ड गॅस चालू ठेवतो. नाहीतर काही सेकंदांत बंद करून लाल दिवा लावतो. ज्योत छान पेटते आणि लगेच विझते, अशी तक्रार असेल तर गॅसपेक्षा या वाटेवर संशय घ्यावा: इलेक्ट्रोडवरची काजळी, बर्नरच्या अर्थिंगच्या स्क्रूवरचा गंज, बोर्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर साचलेला हिरवा-काळा थर. हीटरची दर्शनी बाजू ऊन-पावसात उघडी असते, त्यामुळे हे थर बसतातच. वीज तोडून त्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या की पुष्कळ बोर्ड पुन्हा चालू लागतात. नवा बोर्ड मागवण्याआधी हे करून बघावं.

ठिणगीच पडत नसेल तर बॅटरीचे टोकांवरचे व्होल्ट न बघता बोर्डापाशी, हीटर चालू करताना पडणारे व्होल्ट बघावेत. बॅटरीवर १२ दिसतात, पण गंजलेल्या जोडातून हीटरपर्यंत येईतो दहाच उरतात, आणि तेवढ्यावर बोर्ड नीट काम करत नाही. ज्योत पिवळी आणि आळशी असेल तर दोष विजेचा नाही. बर्नरच्या नळीत कोळ्यानं जाळं केलंय का, कुंभारीण माशीनं घर बांधलंय का ते पाहावं.

आता रिसेटच्या बटणाबद्दल. पाणी साधारण ५४ ते ६० अंशांवर गेलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो अडकून बसला तर ८२ अंशांच्या आसपास दुसरा कटआउट उडतो आणि काही हीटरांत हातानं दाबून परत बसवावा लागतो. रबरी टोपीखाली दोन बटणं दिसतात, एक १२ व्होल्टचं, एक १२० चं. एकदा दाबून बघायला हरकत नाही. प्रवासातल्या हादऱ्यानंही तो कधी उडतो. पण पुन्हा उडाला तर तो कटआउट त्याचं काम करतोय आणि थर्मोस्टॅट करत नाहीये. तिथं वायरीचा तुकडा टाकून कटआउट ओलांडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानंतर राहतो फक्त ९९ अंशांवर किंवा १५० पीएसआय दाबावर उघडणारा सुरक्षा व्हॉल्व, आणि तो गंजून बसला असेल तर बंद टाकीतलं पाणी शंभराच्या वर तापत जातं. थर्मोस्टॅट आणि कटआउटचा जोड स्वस्तात मिळतो, चार स्क्रूंचं काम आहे.

आमच्या एलिमेंटचा शोध घेत मी जवळच्या गावात गेलो. हार्डवेअरच्या दुकानात घरगुती हीटरचं ४५०० वॅटचं एलिमेंट त्याच आट्यांचं मिळत होतं, पण ते २४० व्होल्टसाठी. १२० वर ते ११२५ वॅटच देतं, आणि लांबी जास्त असेल तर आतल्या नळीला टेकतं. म्हणून आरव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानातून १२० व्होल्ट, १४४० वॅट छापलेलंच आणलं. टाकी कोरडीच होती; जुनं काढलं. नळी एका बाजूनं उकलली होती आणि आतली पांढरी भुकटी बाहेर आली होती. बसकण घासून साफ केली, नवीन गॅस्केट घातलं, मीटर लावला: दोन स्क्रूंमध्ये १०, स्क्रू ते टाकी अनंत.

मग वळशाचा व्हॉल्व फिरवला आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. बराच वेळ नुसती हवा फुसफुसत राहिली, मग तुटक पाणी, मग एकसंध धार. बाहेर जाऊन सुरक्षा व्हॉल्वची दांडी क्षणभर उचलली. तिथूनही पाणी आलं. आई नळापाशीच उभी होती. “आता लाव,” ती म्हणाली, आणि मी केबल जोडून बटण दाबलं. पाऊण तासानं तिनं शॉवर नको म्हणून बादली मागितली. २३ लिटरच्या टाकीतून एक बादली भरून वर थोडं उरलं, तेवढ्यात भांडी निघाली.